काळजीची वाटणी

मानसिक आजार असलेल्यांच्या नातेवाइकांची सभा पुण्यात भरो, ठाण्यात भरो की नागपुरात, बोलणं कुठूनही सुरू झालं तरी तासाभरात एका प्रश्नापाशी येतंच. ‘आमच्यामागे याचं काय?’ विचारणारे बहुतेक सत्तरीच्या पुढचे. मुलगा किंवा मुलगी चाळिशी-पंचेचाळिशीची. स्किझोफ्रेनिया बहुधा विशीच्या आसपास डोकं वर काढतो, म्हणजे आईवडिलांनी त्याच्यासोबत वीस-पंचवीस वर्षं काढलेली असतात. आधी देवऋषी झाले, गंडेदोरे झाले, नवस झाले. मग डॉक्टर झाले, मग डॉक्टर बदलून झाले. आता कुठे घडी बसली आहे. मुलगा गोळ्या घेतो, सकाळी दूध आणतो, बराचसा गप्प असतो, पण बरा असतो. आणि नेमके याच सुमाराला आईचे गुडघे गेलेले असतात, वडिलांना दुसरा झटका येऊन गेलेला असतो.

प्रश्नाला उत्तरंही तिथल्या तिथे मिळतात, आणि ती सगळी जागेची असतात. अमक्या ठिकाणी कायमचं ठेवून घेतात, अनामत इतकी, महिन्याला इतके. तमक्या ठिकाणी जेवण बरं आहे, पण फोन करू देत नाहीत. लोक चष्मे लावून पत्ते उतरवून घेतात. यात वावगं काही नाही. काहींना खरोखरच जागा हवी असते. पण प्रश्न जागेचा आहे, असं आपण फार लवकर धरून चालतो. यातल्या बऱ्याच घरांत जागा असते. दोन खोल्यांचा फ्लॅट असतो, थोड्या मुदतठेवी असतात, वडिलांचं पेन्शन असतं. आई गेली म्हणून भिंती जात नाहीत. मग आईबरोबर जातं काय?

तिच्या डोक्यात काय काय असतं ते पाहू. क्लोझापिन हे औषध चालू असेल तर पांढऱ्या पेशी घटत नाहीत ना हे बघायला ठरावीक काळाने रक्त तपासावं लागतं. सुरुवातीचे काही महिने तर दर आठवड्याला. ती तारीख तिला पाठ असते. रात्रीची गोळी जेवणाआधी दिली तर तो ताटावरच पेंगतो, हे तिला ठाऊक असतं. दहाच्या आधी त्याच्याशी कामाचं बोलायचं नाही. पाहुणे येणार असले तर आदल्या दिवशी सांगायचं. दोन दिवस आधी सांगितलं तर दोन्ही रात्री तो झोपत नाही. कोपऱ्यावरच्या टपरीवाल्याला तिने सांगून ठेवलेलं असतं, की याने उधारीवर सिगरेटी मागितल्या तर दोनच द्या, पैसे मी देईन. आणि सगळ्यात मोठं ज्ञान म्हणजे चाहूल. लागोपाठ दोन रात्री त्याच्या खोलीतला दिवा उशिरापर्यंत जळताना दिसला, किंवा त्याने पोळीचा वास घेऊन ती बाजूला सारली, की आठवड्याभरात काय होणार हे ती ओळखते. डॉक्टरांना फोन करते. ते गोळी वाढवतात. संकट येतं आणि परत जातं, ते आलं होतं हे शेजारच्या खोलीतल्या नवऱ्यालाही कळत नाही.

वडिलांना बँक ठाऊक असते, तिला माणूस ठाऊक असतो. यातलं कुठेही काही लिहिलेलं नसतं. फाइल असते, तिच्यात औषधांच्या चिठ्ठ्या असतात. पण पोळीच्या वासाचं चिठ्ठीवर काही नसतं. आईच्या जाण्याने छप्पर उडत नाही, हे जाणतेपण जातं. तेराव्यानंतर पाहुणे परततात आणि महिन्या-दोन महिन्यांत मुलगा रुग्णालयात भरती होतो. लोक म्हणतात, धक्का सहन झाला नाही. धक्का असतोच. पण त्याच्या खोलीतल्या दिव्याकडे बघणारं कुणी उरलेलं नसतं, हेही असतं.

मला सांगायचं आहे ते इतकंच, की काळजी एका माणसात साठत जाते, आणि समाजाने करायचं मुख्य काम हे तिची वाटणी करण्याचं आहे. इस्टेटीच्या वाटणीसाठी आपल्याकडे वकील आहेत, दस्त आहेत, तीन पिढ्यांची भांडणं आहेत. काळजीच्या वाटणीला कुणी बसत नाही.

ती साठते कशी, तेही बघण्याजोगं आहे. पहिल्या झटक्याला सगळं गोत धावून येतं. काका गाडी काढतात, मामा रजा टाकतात, मोठी बहीण रुग्णालयात रात्री झोपते. दुसऱ्या वेळेला फोन येतात. तिसऱ्या वेळेपासून फोनही आईलाच करावे लागतात. हे काही नातेवाईक वाईट म्हणून होत नाही. हाड मोडलं तर सहा आठवड्यांनी प्लास्टर निघतं, इथे कसलीच तारीख नसते, आणि तारीख नसलेल्या दुखण्याला भेटायला जाण्याची रीत आपल्याकडे नाही. मग घरातल्या घरात गळती सुरू होते. वडिलांना आरडाओरडा झेपत नाही, ते फिरायला जातात. भावाची नोकरी बंगळूरला. उरते ती आई. आई नसली तर बायको, नाहीतर लग्न न झालेली बहीण.

याला हातभार लावते ती लपवाछपवी. धाकटीचं लग्न व्हायचं असतं. म्हणून ‘दादा जरा अभ्यासाच्या टेन्शनमध्ये आहे’ इथपासून ‘दादा गावी असतो’ इथपर्यंतची सगळी वाक्यं घरात तयार होतात. धाकटीला रुग्णालयात नेत नाहीत, डॉक्टरांशी बोलू देत नाहीत, सभेला तर नाहीच. हेतू प्रेमाचाच असतो, तिच्या आयुष्यावर सावली पडू नये असा. पण पंचवीस वर्षांनी हीच धाकटी, आता स्वतःचा संसार असलेली, चाळिशी ओलांडलेली, फ्लॅटच्या किल्ल्यांबरोबर एक भाऊ ताब्यात घेते, आणि त्याला कुठली गोळी कशासाठी चालू आहे हे तिला माहीत नसतं. पुढे जिच्यावर भार पडणार तिला आपणच आयुष्यभर अडाणी ठेवलेलं असतं. त्या पंचवीस वर्षांत शेजाऱ्यांना, आत्याला, भावाच्या शाळासोबत्यांना दार लावून घेतलेलं असतं ते वेगळंच. लपवलेल्या माणसाची काळजी वाटून कशी घेणार?

इथे आपल्या एका जुन्या अभिमानाला हात घालावा लागतो. जागतिक आरोग्य संघटनेने १९६० च्या दशकाच्या अखेरीस नऊ देशांत स्किझोफ्रेनियाचा अभ्यास सुरू केला. आपल्याकडचं केंद्र आग्रा होतं. वर्षं उलटल्यावर असं दिसलं, की भारतासारख्या गरीब देशांतल्या रुग्णांची गत श्रीमंत देशांतल्या रुग्णांपेक्षा बरी होती. पुढे या निष्कर्षावर टीकेची बरीच झोड उठली, अजूनही एकमत नाही. पण आपण तो उचलला आणि भिंतीवर लावला: आपल्याकडे कुटुंब आहे! परिषदांमधून आजही हे ऐकू येतं. मी हे ऐकतो तेव्हा मला त्या कुटुंबाची हजेरी घ्यावीशी वाटते. कुटुंब म्हणजे कोण, नाव सांगा. पाचजणांच्या घरात गोळ्यांचा डबा कोण भरतं? उत्तर बहुतेक वेळा एकाच बाईचं नाव असतं. ज्याला आपण कुटुंबसंस्था म्हणून मिरवतो तो पुष्कळ घरांत एकखांबी तंबू असतो.

आणि खांब एकच असला की त्याच्यावर ताण येणार. हा ताण त्या बाईपुरता राहत नाही, तो आजाऱ्यापर्यंत पोचतो. १९५८ साली लंडनमधल्या जॉर्ज ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक चक्रावणारी गोष्ट मांडली होती: रुग्णालयातून सुटून आईवडिलांकडे किंवा पत्नीकडे गेलेले रुग्ण, भावंडांकडे किंवा भाड्याच्या खोलीत गेलेल्यांपेक्षा जास्त प्रमाणात पुन्हा आजारी पडत होते. त्यावरून पुढे घरातल्या बोलण्याचा अभ्यास झाला. सतत टोकणं, राग, आणि त्याच्याच जोडीने अति जपणं, क्षणाक्षणाला पाठीशी असणं, या गोष्टी जिथे जास्त तिथे आजार उलटण्याचं प्रमाण जास्त. १९७६ साली व्हॉन आणि लेफ यांनी त्याला तासांचं माप लावलं. असं घर आणि आठवड्याला ३५ तासांपेक्षा जास्त समोरासमोरचा सहवास, ही जोडी सगळ्यात घातक. त्यात औषध बंद असेल तर विचारायलाच नको.

हे ऐकून आयांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करू नये. आईच्या वागण्यानेच स्किझोफ्रेनिया होतो असं म्हणण्याची एक साथ गेल्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेत येऊन गेली. ते खोटं ठरलं, पण तोवर असंख्य आयांचा छळ होऊन गेला होता. लेफ आणि विग यांनी चंडीगडमध्ये पाहणी केली तेव्हा तिथल्या नातेवाइकांत टोकण्याचं, चिडण्याचं प्रमाण लंडनपेक्षा पुष्कळ कमी आढळलं, हेही सांगायला हवं. पण तासांचा हिशेब आपल्या घरांना लावून बघा. दोन खोल्या, तो कामाला जात नाही, ती बाहेर पडू शकत नाही. जागेपणीचे रोजचे चौदा तास धरले तर सोमवारी सुरू झालेला आठवडा बुधवारी दुपारीच ३५ तासांची रेघ ओलांडतो. इतक्या सहवासात कुणीही टोकेल. संतही टोकतील. तेव्हा काळजीची वाटणी ही आईवर केलेली दया नव्हे, तो मुलाच्या उपचाराचाच भाग आहे.

ही वाटणी कशी होऊ शकते याचे प्रयोग आपल्याकडे झाले आहेत, आणि त्यातला पहिला मला फार आवडतो. १९५० च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी रुग्णांच्या नातेवाइकांना आवारात तंबू ठोकून राहायला लावलं. खाटा कमी, माणसं कमी, हे तर कारण होतंच. पण नातेवाईक रुग्णाजवळ राहिले, त्याला बरा होताना त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. डॉक्टर त्यांना एकत्र बसवून आजार काय, औषध काय, घरी काय करायचं ते सांगत. ही माणसं गावी परतली आणि वेडाला औषध असतं ही बातमी घेऊन परतली. नंतर वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने रुग्णासोबत कुटुंबालाही दाखल करून घ्यायची पद्धत रुजवली. डॉक्टरच्या डोक्यातलं ज्ञान घरात पोचलं, ही पहिली वाटणी. मात्र पुढे आपण तिथेच थांबलो. रुग्णालयाने घरावर सोपवलं आणि घराने आईवर.

दुसरी वाटणी घराघरांतली. डॉ. जगन्नाथ वाणी हे मूळचे धुळे जिल्ह्यातले, कॅनडात कॅल्गरी विद्यापीठात संख्याशास्त्राचे प्राध्यापक होते. पत्नीला स्किझोफ्रेनिया होता. परदेशात त्यांनी नातेवाइकांच्या संघटना पाहिल्या आणि तसंच काही इथे असावं म्हणून पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली. ठाण्याच्या आयपीएच या मानसिक आरोग्य संस्थेतही डॉ. आनंद नाडकर्णी आणि सहकाऱ्यांनी असे गट चालवले. या मंडळींच्या बोलण्यात आजारी माणूस शुभार्थी असतो आणि त्याचं करणारा शुभंकर. गटात काय होतं, तर वरवर पाहता काहीच नाही. खुर्च्या गोल मांडलेल्या, चहा, कुणाचं रडणं, कुणाचा विनोद. पण वर्ष-दीड वर्ष हे चाललं की एका घरची आई दुसऱ्या घरच्या मुलाला ओळखायला लागते. ‘तुमचा अलीकडे जास्त बोलायला लागलाय, झोपतो ना?’ असं कुणीतरी सहज विचारतं. चाहूल ओळखणारे डोळे दोनाचे चार होतात. दिवसा जाऊन बसायचं केंद्र असेल तर हिशेब आणखी सरळ: रोज पाच तास, आठवड्याचे पाच दिवस, २५ तास त्या ३५ च्या रेघेशी झगडायला हाताशी येतात. तिथे त्याने कागदी पिशव्या केल्या की नुसता कॅरम खेळला, याला माझ्या लेखी दुय्यम महत्त्व आहे.

‘देवराई’ हा सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा चित्रपट डॉ. वाणींच्या याच पुण्याच्या संस्थेच्या पाठबळाने २००४ मध्ये आला. अतुल कुलकर्णींचा आजारी शेष लोकांच्या लक्षात राहिला. मला मात्र त्यातली बहीण महत्त्वाची वाटते, सोनाली कुलकर्णींची सीना. स्वतःचा संसार असलेली बहीण भावाला शहरात आपल्या घरी आणते, आणि प्रेक्षक जवळजवळ तिच्याच जागेवरून सगळं बघतो. मराठी पडद्यावर भावंडाला असं मध्यभागी आणलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. ज्यांच्या घरात धाकटीला काही सांगायचं धाडस होत नाही, त्यांनी तिला हा चित्रपट सोबत बसून दाखवावा. अर्धं काम होईल.

तिसरी वाटणी अनोळखी माणसांशी, आणि ती जास्त अवघड. गोवा, सातारा आणि तमिळनाडू अशा तीन ठिकाणी २८२ रुग्णांवर एक अभ्यास झाला; २०१४ साली तो ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक कार्यकर्त्यांनी घरी जायचं, औषधांचं बघायचं, घरच्यांशी बोलायचं, रोजच्या कामांत हात द्यायचा. नुसत्या दवाखान्यातल्या उपचारांपेक्षा याने फरक पडला, पण माफक पडला. सगळ्या ठिकाणी सारखाही पडला नाही, तमिळनाडूत तो अधिक ठळक होता. मला हा माफकपणा खरा वाटतो. घरी येणाऱ्या मुलीने चमत्कार केला असं कुणी सांगू लागलं की मी जरा सावध होतो. नाशिक जिल्ह्याच्या पेठ तालुक्यात ‘आत्मीयता’ या उपक्रमात गावातल्याच लोकांना तयार करून त्यांच्यामार्फत आधार आणि सरकारी योजना लोकांपर्यंत नेल्या. पुण्यातल्या वस्त्यांत भार्गवी दावर यांच्या बापू ट्रस्टने ‘सेहेर’ चालवलं, त्यात शेजार हाच आधार धरला होता. अशा कामांत सगळ्यात पुढे येते ती कागदांची मदत. सवलतींसाठी दिव्यांगतेच्या प्रमाणपत्रावर ४० टक्के अक्षमता लागते, ती ठरवायला जिल्हा रुग्णालयात ठरावीक वार असतो, संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तहसीलमध्ये जातो. आजारी माणसाला घेऊन त्या रांगेत उभं राहणं आईच्याच वाट्याला येतं. तिच्याबरोबर उभं राहायला दुसरं माणूस मिळणं ही फार मोठी गोष्ट आहे.

आता कायद्याकडे. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्यातल्या १९ व्या कलमाने समाजात राहण्याचा हक्क दिला. केवळ घरचे नेत नाहीत किंवा बाहेर सोय नाही म्हणून कुणाला रुग्णालयात डांबून ठेवता येत नाही. साखळदंड बेकायदा ठरले. त्यामागे २००१ च्या ऑगस्टमधली तमिळनाडूतली एरवाडीची आग आहे: दर्ग्याजवळच्या खासगी निवाऱ्यात साखळीने बांधलेली माणसं पळू शकली नाहीत, २८ जणांचा मृत्यू झाला. त्यांना तिथे ठेवून जाणारेही घरचेच होते. एका माणसात साठलेली काळजी त्याला पेलेनाशी झाली की ती कुठे जाऊन पडते, त्याचं हे उत्तर.

या कायद्यावर नातेवाईक मात्र रुसलेले असतात. त्यांचं म्हणणं, इतकी वर्षं आम्ही केलं आणि आता तो कुणालाही आपला ‘नामनिर्देशित प्रतिनिधी’ नेमू शकतो, आम्हाला डावलूनसुद्धा. तक्रार समजण्यासारखी आहे. पण कायद्याचा मजकूर नीट वाचला तर त्यात आपल्या कामाची एक गोष्ट सापडते. समज शाबूत असताना माणूस आगाऊ लेखी निर्देश करून ठेवू शकतो, मला कसे उपचार हवेत आणि कसे नकोत. आणि त्यातच आपल्या वतीने बोलणाऱ्यांची नावं लिहू शकतो. नावं, एक नाव नव्हे. पसंतीच्या क्रमाने. आधी आई, ती नसेल तर बहीण, ती नसेल तर गटातला अमुक मित्र. काळजीच्या वाटणीचा एवढा साधा दस्त सरकारने हातात दिला आहे, आणि तो केलेली घरं मला फार थोडी भेटली आहेत. हा प्रतिनिधी उपचारांपुरता असतो, बँकेत त्याची सही चालत नाही, हे खरं. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात कायदेशीर पालक नेमायची सोपी सोय आहे, पण ती स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता यांच्यासाठी. मानसिक आजार तिच्याबाहेर राहिला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या मर्यादित पालकत्वासाठी जिल्हा न्यायालयाचा किंवा नेमलेल्या अधिकाऱ्याचा उंबरठा चढावा लागतो. ही फट बुजवायला हवी, आणि ती मागणी नातेवाइकांच्या संघटनांनीच लावून धरावी लागेल. मानसिक आजाराला विमा नाकारता येणार नाही हे २०१७ च्याच कायद्यात आलं. त्याच्या पुनरावलोकन मंडळांवर आजार भोगलेल्यांसाठी, काळजी घेणाऱ्यांसाठी आणि त्यांच्या संघटनांसाठी मिळून दोन जागा आहेत. त्या भरण्यासाठी नावं पुढे करणं हेही कामच आहे.

निर्देशाच्या कागदाने आणखी एक गोष्ट होते. तो कागद आजारी माणसाने स्वतः लिहायचा असतो. आपण इतका वेळ वाटणीची चर्चा त्याला वगळून करत होतो, जणू काळजी ही त्याच्या डोक्यावरून जाणारी वस्तू आहे. पहिला वाटेकरी तोच. त्याला स्वतःची चाहूल बहुधा आईच्याही आधी लागते; विचारलं तर तो सांगतो, ‘आवाज वाढायच्या आधी मला रंग जास्त दिसतात.’ विचारलेलंच नसतं. आणि दुसरं असं, की सत्तरीच्या आईचं बरंचसं तोच करत असतो. गॅस सिलिंडर तोच आत घेतो, वडिलांना दवाखान्यात रिक्षातून तोच नेतो, लाईट बिलाच्या रांगेत तोच असतो. शहरात राहणारा कर्ता मुलगा दिवाळीला येतो आणि मिठाईचा बॉक्स ठेवून जातो. म्हाताऱ्यांची काळजी कोण घेतंय याची मोजदाद केली तर घरातला ‘आजारी’ माणूस यादीत पहिला निघेल, अशी घरं मी पाहिली आहेत.

बेल्जियममधल्या गील या गावात मध्ययुगापासून मानसिक आजार असलेल्या परक्या माणसांना घरी ठेवून घेण्याची रीत आहे. १९३० च्या दशकात तिथे साडेतीन हजारांवर असे पाहुणे राहत होते. आता ती संख्या फार घटली आहे. गीलबद्दल लिहिणारे तिथल्या संत डिम्फनाची कथा रंगवून सांगतात. मला त्यातली एक व्यवहाराची बाब अधिक मोलाची वाटते: घरातली म्हातारी यजमानीण वारली की तिची मुलगी किंवा सून त्या पाहुण्याला पुढे सांभाळते. कारण ती लहानपणापासून त्याच्याच पंक्तीला जेवलेली असते, तिला सगळं माहीत असतं. तिथे धाकटीपासून काही लपवलेलं नसतं.

आपल्याकडे गील होणार नाही, व्हायची गरजही नाही. पण आई हिंडती-फिरती आहे तोवर करायच्या गोष्टी आहेत. वही घालावी, तिच्यात औषधांबरोबर दिव्याचं आणि पोळीच्या वासाचंही लिहावं. निम्मी वही त्याच्या हातची असावी. डॉक्टरांकडे आळीपाळीने वेगळ्या माणसाने सोबत जावं. आई चार दिवस मुद्दाम बहिणीकडे राहायला जावी, म्हणजे ती नसताना काय अडतं ते ती असतानाच कळेल. वडिलांचं पेन्शन केंद्र सरकारचं असेल तर मानसिक आजारामुळे कमावू न शकणाऱ्या अपत्याला आजीवन कुटुंबनिवृत्तिवेतन मिळू शकतं, ते नाव हयातीतच नोंदवून घ्यावं. आणि पुढच्या सभेला धाकटीला बरोबर आणावं, जावयासकट. रात्री-अपरात्री कुणाशी बोलावंसं वाटलं तर टेलिमानस या सरकारी मदतसेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे. ऑक्टोबर २०२२ पासून तो सुरू आहे आणि मराठीत बोलता येतं.

हे झालं ज्यांच्या घरी आजार आहे त्यांचं, आणि तेही ज्यांना उपचार मिळाले त्यांचं. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार स्किझोफ्रेनियासारख्या आजारांतही चारांपैकी सुमारे तिघे उपचारांच्या बाहेर होते. बाकी आपण सगळे शेजारी. तुमच्या इमारतीत किंवा वाडीत असं एक घर आहे, आणि कोणतं ते तुम्हाला माहीत आहे. तिथे जाऊन आजार कुठला, कधीपासून, असं काही विचारू नका. दर गुरुवारी दुपारी तीन ते पाच मी मोकळा असतो, काकू, तुम्ही बाहेर जाऊन या, मी त्याच्याबरोबर बसतो, एवढं म्हणा. आणि पुढच्या गुरुवारीही जा.